काळखडीचं पाणी

नामाजी दारात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर पटका नव्हता. करुणानं आधी तेच पाहिलं. मेंढरांमागं आयुष्य गेलेला माणूस. ऊन असो, थंडी असो, पटक्याशिवाय तो कधी दिसला नव्हता. आज उघड्या डोक्यानं, अनवाणी पायानं तो लाइनीतल्या त्यांच्या खोलीपुढं उभा होता.

प्रेमानंद अंगणात सोयाबीनच्या भुशाचं गठुडं सोडत होता. तो उठला.

"काय झालं, नामाकाका?"

"माही राधिका." नामाजीनं हात खदानीकडं केला. "चपला हायती काठावर. वढणी हाय. पोरगी न्हाई."

करुणाच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. तिला राधिकाचं वाईट वाटायच्या आधी नवऱ्याचं भय वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली. कारण खदानीत कुणी बुडालं की सगळे एकाच घराकडं धावत येत.

काळखडीत बघण्यासारखं असं ते एकच होतं, खदानीचं पाणी. तिथं आधी नुसता काळ्या दगडाचा माळ होता. मग कंपनी आली. माळ फोडून तिनं धरणाला दगड दिला, सडकांना गिट्टी दिली, रेल्वेची लहान लाइन मोठी झाली तेव्हा रुळांखालची खडी दिली. गावोगावची माणसं कामाला आली. त्यांच्यासाठी कंपनीनं पत्र्याच्या खोल्यांची रांग बांधली, तिला लाइन म्हणायचे. शनिवारचा बाजार भरायला लागला, हाटेलं झाली, तंबूतला सिनेमा झाला. दुपारी भोंगा वाजला की बायका लेकरं काखेत मारून पळायच्या, मग सुरुंग उडायचे आणि घराघरांतली भांडी मांडणीवर नाचायची. प्रेमानंदचा बाप सोनाजी सुरुंगाची भोकं पाडायचा. आई कमलबाई खाली बसून गिट्टी फोडायची. सोनाजी दगडाच्या धुळीनं खोकून खोकून गेला. मग एका उन्हाळ्यात खाली झरा लागला, पंप लावूनही पाणी हटेना, आणि कंपनी यंत्रं अर्धी नेऊन अर्धी टाकून निघून गेली. खड्डा भरला. भिंतीसारख्या सरळ काळ्या कड्यांच्या मधे निळंशार पाणी उभं राहिलं.

आता रविवारी वसमतहून, हिंगोलीहून, पार नांदेडहून पोरं मोटारसायकलींवर येत. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येत. पंचायतीनं फाट्यावर कमान केली होती: 'मिनी काश्मीर, काळखडी'. खाली बारीक अक्षरांत, पोहण्यास सक्त मनाई. क्रशरचा चौथरा, ट्रक तोलायचा मोडका काटा, लांब माळावर दगडी बारूदकोठी, सगळ्याचे फोटो निघत. आणि वर्षा-दोन वर्षाला एखादं पोरगं उडी मारून खाली जाई, ते वर येत नसे.

ते वर आणायचं काम प्रेमानंदचं. कुणी नेमलेलं नव्हतं. तो त्याच पाण्यात पोहायला शिकला होता, दम मोठा होता, आणि पोलीस जमादाराला त्याचा फोन नंबर पाठ होता. मागच्या खेपेला एका परगावच्या पोराला काढताना खाली राहिलेल्या तारेच्या दोरात त्याचा पाय अडकला होता. वर आला तेव्हा डोळे लाल झाले होते आणि उजव्या कानातून रक्त येत होतं. तेव्हापासून त्या कानानं त्याला नीट ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी करुणानं त्याच्याकडून शब्द घेतला होता, आता पाण्यात जायचं नाही.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"दोर घे," तो म्हणाला. "गावातली लेक हाय ती."

*

खदानीत उतरायला ट्रकांचा जुना उतार होता. तो पाण्यात शिरून नाहीसा व्हायचा. तिथं टिपाडांवर फळ्या बांधून केलेला तराफा असे. करुणा तराफ्यावर बसली. कमरेला दोर बांधून, हातात जड धोंडा घेऊन प्रेमानंद पाण्यात गेला.

दोर धरायचं काम लग्नापासून तिचं होतं. खालून एक झटका आला की दोर सोडायचा, दोन आले की ओढायचा. बाकी वेळ नुसता तळहातात धरून ठेवायचा. त्या दोरातून तिला नवरा कळायचा. तो कुठं वळला, कुठं थांबला, कधी घाबरला, सगळं. ती श्वास घेत नसे. त्याच्याबरोबर आपलाही दम कोंडून बसायची तिला सवय लागली होती.

वर काठावर माणसं जमली होती. नामाजीची बायको चंद्रभागाबाई चपला पोटाशी धरून जमिनीवर डोकं आपटत होती. दोघी बायका तिला धरून होत्या. तिचा भाऊ शिवहार पुसेगावकडून आला होता. राधिकाचं लग्न त्यानंच जमवलं होतं, येत्या गुरुवारचं. मुलाकडचे ऊसतोडीला कारखान्यावर जाणारे होते. दिवाळी झाली की टोळी निघणार, आणि मुकादमाला नवराबायकोचा जोडीनं कोयता लागतो. म्हणून घाई.

"काठानं काहून फिरून राहिला?" शिवहार वरून ओरडला. "मधी जा की! बराबर पाह्य! का नुसत्या बुड्या मारून दाखवून राहिला आमाला?"

प्रेमानंद वर आला होता. फळीला धरून धापा टाकत होता. त्यानं नाकातून पाणी शिंकरलं, परत गेला.

दुपारभर हेच चाललं. ऊन पाण्यावरून कड्यांवर चढलं आणि पाणी काळं दिसायला लागलं तेव्हा जमादार म्हणाला, "चला, आता उद्या. सकाळी लवकर ये रे. ते लोखंडी नसराळं हाय ना खाली, दगड ओतायचं, त्याच्यात पाह्यलं पाहिजे. प्रेत अडकत असतं तसल्या जागी."

मागच्या खेपेला पाय अडकला तो तारेचा दोर त्याच नसराळ्यापाशी होता.

प्रेमानंद उठून उभा राहिला आणि हलला. कानातून बारीक लाल रेघ मानेवर आली होती. ती कुणालाच दिसली नाही. दिसली असली तरी कुणी बोललं नाही. चंद्रभागाबाईला धरून माणसं गावाकडं निघाली. नामाजी तेवढा काठावर बसून राहिला.

*

बारूदकोठी गावापासून लांब, माळाच्या टोकाला होती. जाड दगडी भिंती, बारीक झरोका, लोखंडी दार. कधीकाळी तिथं सुरुंगाची दारू ठेवायचे, म्हणून ती लांब. आता लाइनीतले लोक तिथं पावसात भिजू नये असं जळतण ठेवत. दिवस मावळायला करुणा पऱ्हाट्या आणायला गेली. नवऱ्याला गरम पाणी करून द्यायचं होतं.

तिनं दार ढकललं. आत कुणीतरी श्वास ओढला.

दुपारभर जिला पाण्यात शोधलं तिचा श्वास आपल्याला ऐकू येतो आहे, असं करुणाला वाटलं.

"वहिनी. मी हाय."

पऱ्हाट्यांच्या भाऱ्यामागून राधिका सरपटत पुढं आली. केसांत काडीकचरा, ओठ पांढरे, पाय काट्यांनी फाटलेले.

"बाई गं," करुणा खालीच बसली. तिनं पोरीचं मनगट चाचपलं. गरम होतं. मग एकदम तिला राग आला. "अगं मेले, तुही माय तिकडं मरायला टेकली! काय केलंस हे?"

"चपला मीच ठेवल्या, वहिनी. मेली म्हणले की शोधत न्हाईत. पळाली म्हणले की हुडकून आणतेत. मागच्या साली त्या पुजाला आणलं की नांदेडहून. कसं आणलं ते तुमी पाह्यलं न्हाई का?"

करुणानं पाहिलं होतं. तिनं मान खाली घातली.

"मायला सांगितलं मी, मला शिकायचं हाय, अकरावीला हाय मी, सतरावं सरलं न्हाई अजून. माय नुसती रडली. बाप म्हणला, मामा म्हणतो ते बराबर. मामानं शाळेचं दप्तर उचलून चुलीपाशी टाकलं." राधिका भराभर बोलत होती, कुणी मधे थांबवील या भीतीनं. "हिंगोलीला शाळेतल्या दिपाची बहीण हाय, बायकांच्या वसतिगृहावर काम करती. ती म्हणली, तू इथपर्यंत ये, पुढचं मी पाहते, असलं लग्न होऊ देत न्हाईत. पहाटंच्या गाडीनं जाणार व्हते. पण फाट्यावर माणसं उभी व्हती, म्हून इकडं शिरले. आता सगळीकडं माणसंच."

"आन् प्रेमादादा तुह्यापायी खाली जाऊन राहिले, ते?"

राधिकाचे डोळे मोठे झाले.

"दादा बुडी मारतेल हे माह्या ध्यानातच आलं न्हाई," ती म्हणाली, आणि आता रडायला लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून हाताचा पंजा दातात धरून.

करुणा उठली. पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेतला. तिला काही सुचत नव्हतं. सांगितलं तर या पोरीला केसाला धरून फरफटत नेणार. नाही सांगितलं तर उद्या नवरा त्या नसराळ्यात उतरणार. आणि उद्या-परवा कळलं की लाइनीतल्यांनी गावातली पोरगी लपवली, तर? लाइन म्हणजे बौद्धांची थोडीच घरं, पत्र्याची, एकाला एक चिकटलेली. एक पेटलं तर सगळी पेटतील. ती भारा घेऊन चालत होती आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला आपल्या तोंडावर सगळं लिहिलेलं दिसतं आहे असं तिला वाटत होतं.

*

दिवा लावायच्या वेळेला तिनं दोघांनाही सांगितलं. दार लावून, चुलीपाशी, कुजबुजत. कमलबाई सुनेचं तोंड बघत राहिली. प्रेमानंद कानात कापूस घालून भिंतीला टेकला होता. त्यानं तिला दोनदा सांगायला लावलं. चांगला कान तिच्याकडं करून ऐकलं.

करुणानं दाराची कडी परत चाचपली.

"जित्ती हाय," प्रेमानंद म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम सैल पडला. मग म्हणाला, "म्हंजे उद्या मला पाण्यात जावंच लागंल."

"काहून?" करुणाचा आवाज चढला, तिनं तो दाबला. "पाण्यात कोणीच न्हाई हे माहीत असून?"

"मी न्हाई गेलो तर माणसं पाणी सोडून रान हुडकतील. मी पाण्यात हाय तवर सगळा गाव काठावर हाय. सडक मोकळी राहते."

"मी नेते तिला," कमलबाई म्हणाली. ती उठून पेटीतलं काही काढायला लागली होती. "सुनेचं लुगडं नेसवते, तोंडावर पदर घेते. सुनेला शिरडला दवाखान्यात नेऊन राहिले म्हणीन. तिथून हिंगोलीची गाडी."

"आत्याबाई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यानं काय व्हतं? पाटीभर दगड घेऊन चढलेली हाय मी त्या उतारानं, हा पोटात असताना." तिनं प्रेमानंदकडं हात केला. "तू दोर धर. तू जागंवर न्हाई दिसलीस तर लोकं इचारतील."

"आन् धरलं आपल्याला तर?"

कमलबाईनं भाकरी फडक्यात बांधली, वर खर्डा ठेवला, आणि अंधार पडायच्या आत पऱ्हाट्या आणायला म्हणून निघाली.

"खोल जाऊ नका," करुणा नवऱ्याला म्हणाली. "कपारीला धरून बसा, दम सरला की वर या. कोणाला काय कळणार हाय?"

"व्हय," तो म्हणाला. "तसंच करतो."

*

सकाळी काठावर कालच्याहून जास्त माणसं होती. फोटो काढायला आलेली दोन-चार पोरंही होती. त्यांनी मोबाइल पाण्याकडं धरले होते. करुणा तराफ्यावर चढली तर नामाजी आधीच येऊन बसलेला.

"मी बसतो इथं," तो म्हणाला. "सापडली तर मी घेईन तिला. परक्याचा हात नको."

करुणाला मान वर करता येईना. तिनं दोर उलगडला. प्रेमानंद पाण्यात गेला, वर आला, गेला, वर आला. पहिल्या बुड्या तो उताराच्या जवळ, कड्याला धरून मारत होता. करुणाला दोरातून कळत होतं, तो नुसता थांबून आहे. तिचं निम्मं लक्ष सडकेकडं होतं. कड्यांमुळं इथून सडक दिसत नव्हती. कमलबाईनं पोरीला पहाटंच्या अंधारात घरी आणून लुगडं नेसवलं होतं; आता म्हातारी तिला घेऊन कमानीखालून गेली असेल. आता हाटेलापाशी असेल. गाडी आली असेल का? पोरीनं पदर नीट धरला असेल का?

"लहानपणी कोकरू घेऊन निजायची," नामाजी पाण्याकडं बघत बोलत होता. करुणाशी नाही, कुणाशीच नाही. "म्हणायची, बाबा, त्याच्या मायनं त्याला दूर सारलं, मी घेते. लई समजदार. मी म्हणलं लग्नाला हो म्हण. हो म्हणली न्हाई, न्हाई बी म्हणली न्हाई. नुसती पाह्यली माह्याकडं."

काका, ती जित्ती हाय. एवढंच करुणाला म्हणायचं होतं. तिनं दात ओठात रुतवले. गाडी अजून निघाली नसेल तर? ओठ खारट लागला.

"ए!" वरून शिवहारची हाक आली. तो कड्याच्या अगदी टोकावर येऊन उकिडवा बसला होता, बरोबर पाण्यावर. "दिसून राहिलं मला इथून सगळं! कपारीला धरून बसतो व्हय रे? माही भाची खाली सडून राहिली आन् तू नाटकं करतो?"

काठावर गलका झाला. जमादारानं हात वर केला. "प्रेमानंद, नसराळ्याकडं जा. काल बोललो ना मी."

सकाळचं ऊन सरळ पाण्यात शिरलं होतं. त्या नितळ निळ्या पाण्याचीच तर लोक इतक्या लांबून मजा बघायला येत. आज त्यात खालचं लोखंडही पुसट पुसट दिसत होतं.

प्रेमानंदनं करुणाकडं पाहिलं. क्षणभरच. मग धोंडा उचलला आणि तराफ्याच्या मधल्या अंगानं सरळ खाली गेला.

दोर सरसर सुटला. सुटत राहिला. मग थांबला.

करुणा दम धरून बसली. दोर हलका होता. एकदा उजवीकडं वळला. मग हलेना. तिचा दम संपला, तिनं घेतला, परत धरला. वर कुणी खोकलं. पाण्यावर बुडबुडे आले, बारीक, मग मोठे एकदम पुष्कळ, मग एकही नाही.

तिनं दोर ओढला. दोर ताणला गेला आणि तसाच राहिला, खाली खुंट्याला बांधल्यासारखा.

"अवं!" ती पाण्यात तोंड घालून ओरडली. "अवं!"

दोन झटके आले नाहीत. एकही आला नाही. ती उभी राहून ओढायला लागली, तराफा तिरका झाला, तळहातांची सालटं निघाली. काठावरची माणसं नुसती उभी होती. मोबाइल धरलेली पोरंही. कुणी पाण्यात येईना.

तेव्हा तिच्या मागून दोन काळे, सुकलेले हात आले आणि त्यांनी दोर धरला. नामाजी. त्याला पोहता येत नव्हतं. तो फळ्यांवर आडवा पडला, पाय दोन टिपाडांच्या खाचेत अडकवले, आणि चिखलात रुतलेलं जनावर काढावं तसा एका सुरात ओढायला लागला. "हं... हं... सोडू नको बाई... हं..."

खाली काहीतरी तटकन तुटलं. दोर सैल झाला. दोघंही मागं पडले आणि मग वेड्यासारखे दोर गोळा करत राहिले. पाण्यातून आधी हात आला, मग डोकं. प्रेमानंदचे ओठ निळे पडले होते. मांडीला तारेनं लांब चीर पाडली होती, त्यातून रक्त पाण्यात पसरत होतं. नामाजीनं त्याला बगलेत धरून फळीवर घेतलं, पालथा केला, पाठीवर थापा मारल्या. तो पाणी ओकला. मग एक श्वास, घरघरणारा. मग दुसरा.

"परत जाऊ द्या त्याला!" वरून शिवहार म्हणाला. "जागा सापडली हाय, तिथंच असंल ती!"

नामाजी उठून उभा राहिला. तराफा डुलत होता, तोही डुलत होता.

"बास!" तो ओरडला. त्या शांत माणसाचा एवढा मोठा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. कड्यांवरून तो परत आला. "माही पोरगी गेली ती गेली. तिच्यापायी दुसऱ्याचं लेकरू मारू नका. कोणी उतरायचं न्हाई आता पाण्यात. मी बाप हाय, मी सांगतो!"

करुणा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती. लोकांना वाटलं, वाचला म्हणून रडते. ती नामाजीच्या तोंडाकडं बघू शकत नव्हती.

*

दिवस कलल्यावर कमलबाई परत आली. उंबऱ्यावर बसली, पाय लांब केले आणि नुसती मान हलवली. पोहोचली. मग मुलाच्या मांडीला बांधलेलं फडकं दिसलं आणि तिच्या तोंडाचा रंग गेला.

दुसऱ्या दिवशी गावात पोलिसांची गाडी आली. पोरगी हिंगोलीत सुखरूप आहे, वय कमी आहे, लग्न करता येणार नाही, केलं तर आत जाल, असं नामाजीच्या घरी सांगून गेली. चंद्रभागाबाई हसत होती आणि तोंडात मारून घेत होती. गावात आधी सगळ्यांना बरं वाटलं. मग ज्याला त्याला प्रश्न पडायला लागले. फाट्यावरचा हाटेलवाला म्हणाला, कमलबाई सुनेला घेऊन शिरडच्या गाडीत बसली, मी पाह्यलं. कुणीतरी विचारलं, कवा? आणि मग तिथंच कुणाच्या तरी ध्यानात आलं. सून तर तेव्हा तराफ्यावर दोर धरून होती.

तिन्हीसांजेला शिवहार दहा-बारा माणसं घेऊन लाइनीत आला. पहिला दगड पत्र्यावर पडला तेव्हा करुणा भांडी घासत होती. तिनं प्रेमानंदला आत ओढलं. त्याला पायावर उभं राहता येत नव्हतं, तरी तो कुऱ्हाडीकडं सरकत होता. तिनं कुऱ्हाड पायानं कोपऱ्यात लोटली. शेजारच्या खोल्यांची दारं उघडली, माणसं बाहेर आली, कुणी काठी घेऊन, कुणी नुसतीच.

कमलबाई दारात जाऊन बसली.

"मी नेली," ती म्हणाली. "माह्या पोराला न् सुनेला काय इचारता? पोरगी माह्या पाया पडली, मी नेली. मारायचं तर मला मारा."

"आमच्या घरातली पोरगी तुमी पळवता? एवढी मजल गेली तुमची?" शिवहारच्या तोंडातून थुंकी उडत होती. "थांबा जरा. ही लाइनच ठेवत न्हाई."

लाइनीतल्या पोरांनी मोबाइल वर धरले होते. कुणी जमादाराला फोन लावत होतं. ते बघून एक-दोघं मागं सरले, मग आणखी सरले. जाताना शिवहारनं पाण्याचा रांजण लाथेनं फोडला. "उद्या येतो," तो म्हणाला. "गावच घेऊन येतो."

त्या रात्री लाइनीत कुणी दिवा मालवला नाही. करुणा दाराला पाठ लावून बसली. कुत्रं भुंकलं की तिचं अंग ताठ व्हायचं. नवरा तापानं फणफणला होता. मधेच बरळायचा, दोर ओढ, दोर ओढ. ती त्याच्या छातीवर हात ठेवायची.

उजाडलं. तिनं दार फटीएवढं उघडलं आणि तसंच धरून राहिली.

समोरून नामाजी येत होता. एकटा. डोक्यावर पटका होता, आणि खांद्यावर कुऱ्हाड.

मेंढक्यांच्या खांद्यावर कुऱ्हाड असतेच, डहाळे तोडायला. तिनं ती हजारदा पाहिली होती. आज तिला त्या पात्याशिवाय काही दिसेना. दार लावावं हे कळत होतं, पण हात हलत नव्हता. मागून कमलबाई म्हणाली, "कोण हाय?"

नामाजी फुटक्या रांजणापाशी थांबला. खापऱ्यांकडं पाहिलं. मग दाराच्या फटीकडं.

"प्रेमा कसा हाय?"

"ताप हाय," करुणा कशीबशी म्हणाली.

तो उभाच होता. कुऱ्हाडीचा दांडा या हातातून त्या हातात घेत होता.

"तराफ्यावर तुला ठाव व्हतं," तो म्हणाला.

करुणाला खोटं बोलायचं होतं, पण मान आपोआप हलली. "व्हय, काका."

नामाजीनं डोळे मिटले. उघडले.

"त्या दिशी," त्यानं विचारलं, "जेवली व्हती का ती?"

करुणाला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिनं दार पूर्ण उघडलं. "भाकर दिली व्हती. खर्डा व्हता वर. सगळी खाल्ली. पहाटं आत्याबाईनं चहा पाजला."

तो मान हलवत राहिला, जेवढं सांगितलं तेवढं नीट साठवून घेत असल्यासारखा. मग त्यानं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि मागं वळून जिभेनं टक् टक् आवाज केला. क्रशरच्या चौथऱ्यामागून मेंढरं निघाली. पुढं म्हातारी एडकी, मागं सगळा कळप, लाइनीच्या दिशेनं.

"शिवहार यायचा हाय आज माणसं घेऊन," नामाजी म्हणाला. "तुमी दार लावून घ्या. मी आज इथंच चारतो मेंढरं. लाइनीच्या अंगाला."

त्यानं कुऱ्हाड खांद्यावरून काढली, दोन खोल्यांच्या मधल्या दगडावर बसला आणि ती मांडीवर आडवी घेतली. फाट्याकडून येणाऱ्या सडकेकडं तोंड करून. मेंढरं खोल्यांच्या भोवती पसरली, भिंतींना अंग घासायला लागली. करुणानं दार लावलं, कडी घातली आणि कडीवर हात ठेवून, सडकेवर कसला आवाज येतो का, ते ऐकत उभी राहिली.